बुरूजवाला

आमचे अण्णा लातूरच्या गंजात एका आडतीवर दिवाणजी होते. एकोणचाळीस वर्षं एकाच गादीशेजारी बसले. गादीवर शेटजी, लोडाला टेकून. आणि त्यांच्या डाव्या हाताला, चार बोटं खाली, सतरंजीवर, उतरत्या झाकणाची लाकडी पेटी पुढ्यात घेऊन अण्णा. शेटजी कामानिमित्त बाहेरगावी गेले तरी अण्णा त्या गादीवर सरकले नाहीत. मला लिहायचं आहे ते या चार बोटांबद्दल आणि एका फ्रेंच शब्दाबद्दल. त्या शब्दाचं आणि अण्णांचं काही नातं असेल, असं मला निम्मं आयुष्य जाईपर्यंत वाटलं नव्हतं.

शब्द भेटला नांदेडात, १९७३ साली. एम.ए.साठी मी मावशीकडे राहत होते. नांदेडात तेव्हा बोलण्याला फार मान. पीपल्स कॉलेजात नरहर कुरुंदकर होते, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांचं व्याख्यान ऐकून आलं की दोन दिवस आम्हाला आपणही विचारवंत झाल्यासारखं वाटे. त्या भरात आम्ही पाचसहा जणांनी एक अभ्यासवर्ग काढला होता. एका संध्याकाळी विषय निघाला आदल्या वर्षीच्या दुष्काळाचा आणि ज्वारी दाबून ठेवणाऱ्या आडत्यांचा. मी म्हटलं, सगळेच आडते तसे नसतात. एका मिलकामगाराचा मुलगा समोर बसला होता. तो माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘हे अगदी बूर्झ्वा बोलणं झालं.’

अर्थ मला धड माहीत नव्हता. शिवी आहे एवढं कळलं. सुटीत लातूरला आले तेव्हा रात्री जेवताना अण्णांना सांगितलं. अण्णा घास हातात धरून थांबले.

‘काय म्हनला? बुरूजवा? बुरूजवाला?’

‘बुरूजवाला नाही अण्णा, बूर्झ्वा.’

‘त्येच की. आपुन कवा बुरजावर होताव माय? तुझा आजा तर बुरजाखालनं पळून आल्याला.’

आई हसली, मीही हसले. त्या हसण्याची पुढे मला लाज वाटली.

शब्दाची फोड अशी आहे. फ्रेंचमध्ये ‘बूर्ग’ म्हणजे तटबंदीचं गाव. त्याला ‘-वा’ हा प्रत्यय लागला. तो आला लॅटिनच्या ‘-एन्सिस’वरून, आणि त्याचं काम आपल्या ‘कर’सारखं, अमक्या ठिकाणचा. औशाचा औसेकर, कंधारचा कंधारकर, तसा बूर्गचा बूर्झ्वा. म्हणजे अस्सल मराठीत भाषांतर करायचं तर ‘कोटकर’. कोटकर आडनावाची कितीतरी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांना कोणी अभ्यासवर्गात वर्गशत्रू म्हटल्याचं ऐकिवात नाही.

मुळात ‘बुर्ग’ हा जर्मन कुळातला शब्द, तो रोमन लोकांनी ‘बुर्गुस’ म्हणून उचलला. वेजेटियस हा रोमन लेखक लहानशा किल्ल्याला बुर्गुस म्हणतो. लहानसा किल्ला! आमच्याकडे त्याला गढी म्हणतात. तेव्हा ‘कोटकर’पेक्षाही ‘गढीकर’ जवळचं. आणि इथेच हे सगळं उलटं आहे असं मला वाटायला लागलं. मराठवाड्यात गढीवाला म्हणजे देशमुख, पाटील, जहागीरदार. व्यापारी नव्हे, आणि दिवाणजी तर नव्हेच नव्हे. मग फ्रान्सात गढीच्या नावाने वाणी-उदमी कसे ओळखले जाऊ लागले?

याचं उत्तर मला आंरी पिरेन या बेल्जियन इतिहासकारात सापडलं. दहाव्या-अकराव्या शतकांत सरदारांचे कोट होते, त्यात सरदार, त्याचे शिपाई, त्याचे पाद्री. व्यापारी हिंडते. ते कोटाच्या पायथ्याशी, नदीच्या उताराजवळ, रस्त्याच्या फाट्यावर पालं ठोकत. कोटाचा आडोसा हवा, पण कोटाचा धनी नको. पालांची घरं झाली, घरांची पेठ झाली, आणि चोरचिलटाला कंटाळून त्या पेठेनेही स्वतःभोवती तट घातला. हा नवा बूर्ग. पिरेन सांगतात की ‘बुर्गेन्सिस’ हे नाव पडलं ते या नव्या तटातल्या लोकांना. जुन्या कोटात राहणाऱ्यांना ते नाव नव्हतंच. त्यांना वेगळं, ‘कास्तेलानी’ म्हणत. ‘बुर्गेन्सिस’ हा शब्द फ्रान्सच्या कागदांत दिसू लागतो तो अकराव्या शतकाच्या सुरुवातीला. पिरेनच्या पुष्कळ गोष्टी पुढच्या इतिहासकारांनी खोडल्या आहेत, तरी एवढं मला पटतं, कारण औशात आणि उदगिरात भुईकोट एकीकडे आणि बाजारपेठ दुसरीकडे हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. बूर्झ्वा म्हणजे कोटातला माणूस नव्हे. कोटाखालचा माणूस.

‘तुझा आजा तर बुरजाखालनं पळून आल्याला.’

आजोबांचं गाव औशाच्या अंगाला. गावात गढी होती. पांढऱ्या मातीच्या, हात हात रुंदीच्या भिंती, चार कोपऱ्यांना चार बुरूज. गढीची वेठ गावाने वाटून घेतलेली होती: कोणी सरपण टाकायचं, कोणी कडबा, लग्नकार्यात कोणी आठ दिवस पाणी भरायचं. निजामाच्या राज्यात याला नवल नव्हतं. आजोबांच्या वाट्याला पाणी होतं. गढीच्या कुठल्याशा लग्नात पाणी वाहून त्यांच्या खांद्याचं सालटं गेलं, आणि वर, रांजण अर्धा का, म्हणून कानाखाली बसली. त्या रात्री ते निघाले ते चालत लातूरला आले.

लातूरलाच का? कारण लातूरला रेल्वे आली होती. बार्शी लाइट रेल्वेची ती अडीच फुटी रुळांची गाडी १९११ साली लातूरपर्यंत पोचली, आणि तूर, करडई, कापूस, गूळ यांची पोती कुर्डुवाडीकडे जाऊ लागली. बैलगाडीने आठवडा लागायचा तो माल आता एका दिवसात इंग्रजी मुलखात. माल आला की माणसं येतात. लिंगायत वाणी इथले होतेच; मारवाडी, गुजराती आले. मग फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने आराखडा केला आणि १९१७ साली गंजगोलाई उभी राहिली: मधोमध अंबाबाई, भोवती दुमजली गोल इमारत, आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. एका रस्त्याला सराफ, एका रस्त्याला चपला-जोडे, कुठे मिरची, कुठे गूळ. आजोबांनी या गोलाईच्या विटा वाहिल्या. आमच्या घरात हे इतक्या वेळा सांगितलं जायचं की लहानपणी मला वाटे, गोलाई आजोबांनी एकट्यानेच बांधली.

‘गंज’ मूळचा फारसी. खजिना, मग कोठार, मग जिथे कोठारं आहेत तो बाजार. नांदेडकर त्याला मोंढा म्हणतात. जुना मोंढा आणि नवा मोंढा. शब्दांवरून भांडायची आम्हा लातूरकरांची आणि नांदेडकरांची जुनी खोड आहे, पण फ्रेंच बूर्गच्या शेजारी ठेवले तर दोन्ही शब्द सारखेच निघतात. दोन्हींत तट नाही. बूर्गला भिंत लागते, वेशीला कुलूप लागतं. गोलाईला सोळा तोंडं आहेत, आणि एकालाही दार नाही.

युरोपातल्या पुष्कळ शहरांत एक नियम होता. जमीनदाराच्या बांधलेल्या कुळाने शहरात वर्ष आणि एक दिवस काढला की तो मोकळा. धन्याला त्याला ओढून नेता येत नसे. जर्मनांची म्हणच आहे की शहराची हवा मोकळी करते. आजोबांना तसा कागद कोणी दिला नाही. गढीचा माणूस दोनदा त्यांना शोधत लातूरला आला. गढीच्या वहीत त्यांच्या बापाने घेतलेल्या धान्याची उचल निघत होती. दुसऱ्या खेपेला ज्या आडतीवर आजोबा हमाली करत होते तिथल्या शेटने ती रक्कम मोजली. झालं, मोकळे झाले! रक्कम गढीच्या वहीतून निघाली आणि गादीच्या वहीत बसली. गढी सुटली, गादी लागली. पण कानाखाली कोणी मारत नव्हतं आणि सांज झाली की हातात पैसे पडत होते, हाली शिक्क्याचे, निजामाचे स्वतःचे रुपये-आणे. आजोबांच्या लेखी हा फरक लहान नव्हता. दुसऱ्या कोणाच्या लेखी तो लहान असेल तर त्याने आठ दिवस रांजण भरून बघावेत.

आजोबा पुढे मापाडी झाले. मापाडीपणात नुसती ताकद उपयोगाची नाही. मोजणी आणि आवाज लागतो. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन… आजोबा शेवटच्या आजारपणात झोपेतही मोजत. अण्णा त्यांच्या उशाशी बसून बोटांवर धरत, जणू सकाळी पट्टी करायची आहे.

अण्णा शिकले. मोडी शिकले, राज्य निजामाचं म्हणून उर्दू शिकले, आणि १९४१ साली त्या पेटीमागे बसले. तोवर बाजाराचा कायदाही आला होता, १३३९ फसलीचा, म्हणजे १९३० सालचा. तरी गंजातला सौदा चालायचा तो हाताने आणि डोळ्यांनी. आडत्याकडे शेतकऱ्याच्या मालाचा ढीग. त्यातला मूठभर नमुना फडक्यात बांधायचा, ती पोटली. खरेदीदार पोटली सोडून दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एक दाणा दाताखाली धरतो. कट असा आवाज आला तर तूर वाळलेली. मग भाव. भाव ठरला की माल काट्यावर, आणि अण्णांच्या पेटीत पट्टी: इतकी पोती, इतका भाव, वजा आडत, वजा हमाली, वजा तोलाई, वजा मागची उचल, बाकी देणे. शेतकरी पट्टी घेऊन उभा राही आणि अण्णा त्याला एकेक आकडा बोट ठेवून वाचून दाखवत. पुष्कळदा शेवटचा आकडा वाचताना त्यांचा आवाज खाली जाई. तो आवाज ऐकलेला असल्यामुळेच मी अभ्यासवर्गात म्हटलं होतं की सगळे सारखे नसतात. पण त्या मुलाचंही खरं होतं. वजा करणारा हात अण्णांचाच होता.

फ्रान्सात बूर्झ्वाची हीच तऱ्हा झाली. पॅरिसचा बूर्झ्वा हा एके काळी मानाचा, कायद्यातला दर्जा. शहरात राहणारा प्रत्येक जण बूर्झ्वा नसे. पण वरचे सरदार त्याला हसत. मोलिएरने १६७० साली नाटकच लिहिलं, कापडवाल्याचा पोरगा पैशाच्या जोरावर सरदार व्हायला निघतो त्याचं. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांनी, १८४८च्या जाहीरनाम्यात, मार्क्स-एंगल्सनी तोच शब्द खालून फेकला. जो शब्द वरच्यांच्या तोंडी थट्टेचा होता तो खालच्यांच्या तोंडी शिवीचा झाला, आणि मधल्या माणसाला स्वतःसाठी तो अभिमानाने वापरणं अवघड होऊन बसलं. जर्मनांची आणखी गंमत. त्यांचा ‘ब्युर्गर’ नागरिकही आणि बूर्झ्वाही. आपल्याला जे दोन शब्द लागतात ते त्यांच्याकडे एकातच कोंडलेले.

आपण मराठीत या माणसाला काय म्हटलं? शेठ म्हटलं, तो श्रेष्ठीवरून. भांडवलदार म्हटलं, त्यात ‘भांड’ म्हणजे विकायचा माल, आणि ‘दार’ फारसी. पांढरपेशा म्हटलं. एकाने मान सांगितला, एकाने माल, एकाने रंग. कोणीही जागा सांगितली नाही. मी कितीतरी वर्षं वर्गात मुलांना सांगत होते की पांढरपेशा हा ‘पांढरी’वरून आला. पांढरी म्हणजे गावठाण, जिथे घरं आहेत ती जमीन; काळी म्हणजे शेताची. काळीत राबणारा वेगळा आणि पांढरीत बसून लिहिणारा वेगळा, म्हणून पांढरपेशा. ऐकायला किती छान! आणि बूर्गशी किती जुळतं! पण तसं नाही. शब्द सरळ आहे: पांढरा आणि फारसी पेशा. इंग्रजी आमदानीत कोकणात पांढरपेशा कुळांना सारा हलका लागायचा. तिथे तो सरकारी कागदातला शब्द होता, गावठाणाशी संबंध नाही. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल तर त्याने वहीतली ती ओळ खोडावी.

डाव्यांच्या लिखाणात आणखी एक प्रकार भेटतो, ‘पेटी बूर्झ्वा’. फ्रेंच ‘पती’, म्हणजे लहान, इंग्रजीतून येता येता पेटी झाला. छोटा दुकानदार, कारकून, मास्तर. ना धड मालक, ना धड मजूर. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अण्णांची उतरत्या झाकणाची पेटीच आली, आणि व्युत्पत्ती चुकीची असूनही वर्णन इतकं चपखल बसलं की मी पुस्तक मिटून ठेवलं.

तर अण्णांचा बुरूज. मराठीत बुरूज आला फारसीतून, फारसीत अरबीतून. अरबी ‘बुर्ज’च्या मागे अरामी आणि तिच्याही मागे ग्रीक ‘पिर्गोस’ म्हणजे मनोरा, असं बरेच अभ्यासक मानतात. इकडे जर्मन बुर्ग, लॅटिन बुर्गुस. पिर्गोस आणि बुर्ग हे भाऊ, चुलत भाऊ, की नुसते शेजारी राहून एकमेकांसारखे दिसायला लागलेले, यावर भाषाशास्त्रात अजून वाद आहे. सोयरीक जुळते म्हणणारे आहेत, कुळच वेगळं म्हणणारेही आहेत. पण जेवताना, घास हातात धरून, ज्या माणसाने फ्रेंचचं एक अक्षर कधी ऐकलं नव्हतं त्याने ‘बुरूजवाला’ म्हटलं. आणि मी, एम.ए.ला असलेली, हसले.

गढ्यांचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १९४८च्या सप्टेंबरात निजामाचं राज्य संपलं, १९४९ साली जहागिरी गेल्या, १९५० साली कुळकायदा आला. आजोबांच्या गावची गढी कोणी पाडली नाही. लोक तिची माती नेऊ लागले. आमच्याकडे माळवदाची घरं. दर उन्हाळ्यात पावसाच्या आधी वर पांढऱ्या मातीचा थर द्यायचा, म्हणजे गळत नाही. गढीची माती त्याला फार चांगली, दाट, मुरलेली. दर वैशाखात पाच-पन्नास गाड्या माती जायची. अशी तीसचाळीस वर्षं गढी टोपल्याटोपल्याने गावाच्या डोक्यावर चढत राहिली, आणि शेवटी एक बुरूज उरला. मग ३० सप्टेंबर १९९३ची पहाट आली. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते. किल्लारीच्या त्या भूकंपात आमचं चुलत घर पडलं. माळवदाच्या मातीखालून आम्ही दोन माणसं काढली. त्याबद्दल मी इथे जास्त लिहिणार नाही. बावन्न गावं नव्या जागी वसली, आणि नव्या घरांना माळवद नाही.

गोलाई आहे. आडती मार्केट यार्डात गेल्या. आमच्या गल्लीतल्या निम्म्या वाड्यांवर आता मुलामुलींच्या वसतिगृहांच्या पाट्या आहेत. लातूर पॅटर्नने शहराला नवा गंज दिला, त्यात पोटल्या नाहीत, गुणपत्रिका आहेत. माझ्या भाचीची मुलगी वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीला माझ्याकडे राहते. परवा क्लासवरून येताना कागदात गुंडाळलेला बर्गर घेऊन आली. मी तिला सांगितलं, अगं, हा हॅम्बर्गचा म्हणून हॅम्बर्गर, आणि ते बर्ग म्हणजे कोट. तू खातेस तो कोटकर आहे, आपल्या बूर्झ्वाचा सख्खा भाऊ. ती म्हणाली, ‘आजी, थंड होईल.’

अण्णा १९८०मध्ये पेटीमागून उठले आणि त्यानंतर सहा वर्षांनी गेले. पेटी शेटजींच्या मुलाने आम्हाला दिली. तिच्यात टाक होते, दोन जुने हाली आणे होते, आणि अण्णांची एक खासगी वही होती, लाल कापडी बांधणीची, आडतीच्या वह्यांसारखीच लावलेली. घरखर्च, पाहुण्यांना दिलेले, नांदेडला पाठवलेल्या मनिऑर्डरी. वहीच्या शेवटी उचंत खातं. ज्या रकमेचा धनी अजून ठरला नाही, कोणाच्या नावे टाकावी की जमा करावी ते कळत नाही, ती तात्पुरती उचंतात लिहितात आणि वर्षअखेरीला निकालात काढतात.

त्या पानावर, १९७३च्या मे महिन्यातल्या एका तारखेसमोर, अण्णांनी मोडीत लिहिलं आहे: ‘बुरुजवा. बाईने नांदेडहून आणलेला. चौकशी करणे.’ रकमेचा रकाना कोरा आहे. खाली दुसऱ्या ओळीत, तीन रिकामी पोती, कोणाची ते माहीत नाही.